विहिरीत भेटणारी तीन शास्त्रे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीचा निकाल लागला, की महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दोन प्रकारचे पालक येतात. पहिले विचारतात, ‘हा विषय घेऊन पुढे काय?’ दुसरे काहीच विचारत नाहीत. मुलाला दुसरीकडे कुठे प्रवेश मिळालेला नसतो. हा विषय शिकवताना दोघांनाही मी एकच उत्तर देत आले : आधी तुमच्या गावची विहीर आठवा. भूभौतिकी, भूरसायनशास्त्र आणि भूजलशास्त्र अशी नावे ऐकून घाबरायला होते खरे. पण या तिन्ही शाखा त्या विहिरीत एकत्र भेटतात.

सुरुवात खडकापासून करू. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. घाटातून जाताना डोंगराला पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. नदीकाठच्या गाळात पाणी वाळूच्या कणांमध्ये साठते. अखंड काळ्या पाषाणात तशी जागा जवळजवळ नसते. इथे पाणी राहते ते वरच्या मुरमात, भेगांत, सांध्यांत आणि दोन थरांच्या मधल्या पोकळ भागांत. म्हणूनच एका शेतातली विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी ठणठणीत, असे दिसते. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींच्या हाती हातोडा, भिंग आणि होकायंत्र देऊन त्यांना डोंगरावर नेतात, ते हा फरक डोळ्यांनी ओळखायला शिकावे म्हणून.

पण जमिनीखालचे डोळ्यांना दिसत नाही. मग गावात पाणाड्याला बोलावणे जाते. तळहातावरचा नारळ उभा राहिला, की तिथे बोअर घ्यायची! सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूजलावर एक अख्खे प्रकरण लिहिले. त्यात झाडे, वारुळे, मातीचा रंग अशा खुणा दिल्या आहेत. त्यातली प्रत्येक खूण खरी ठरेल असे नाही. पण ती वाट निरीक्षणाची आहे. नारळाला तसा काही आधार नाही. आणि बोअरचे बिल फुटांवर होते. पाणी लागो न लागो, पैसे शेतकऱ्याचे जातात, आणि पुष्कळदा ते कर्जाचे असतात.

इथे भूभौतिकी मदतीला येते. एका रेषेत चार सळ्या जमिनीत रोवतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळ्यांमधला विद्युतदाब मोजायचा. बाहेरच्या सळ्यांमधले अंतर वाढवत नेले, की वीज अधिकाधिक खोल जाते. कोरडा, अखंड पाषाण विजेला अडवतो. ओला, भेगाळलेला खडक तिला वाट देतो. ऐकायला सोपे वाटते. पण चिकणमातीही विजेला वाट देते आणि खारे पाणी तर फारच सहज देते. म्हणजे यंत्रावरचा आकडा हा पाण्याचा पुरावा नव्हे. तो खडकाच्या नकाशाशी ताडून पाहावा लागतो. यंत्र चालवणे आठवड्यात येते. त्याचा अर्थ लावायला पदवीची वर्षे लागतात. गणित आणि भौतिकशास्त्र टाळण्यासाठी भूशास्त्राकडे येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

भूभौतिकीची आठवण महाराष्ट्राला कोयनेने कायमची करून दिली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे उदाहरण म्हणून कोयनेचे नाव जगभर घेतले जाते. जलाशयाचे वजन आणि खडकाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेला प्रस्तर सरकायला निमित्त मिळते. ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी कोयना परिसरात २०१७ साली सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन झाले. पाणी आणि भूकंप हे दोन वेगळे धडे नाहीत, हे त्यातून कळते.

समजा, जागा अचूक निघाली आणि पाणी लागले. ते प्यायचे का? नितळ दिसणारे पाणी चांगलेच असेल, असे नाही. पाणी खडकात जितका काळ मुरते, तितके खडकातले काही ना काही विरघळवून घेते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५. त्यावरचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दात डागाळतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही; उलट वाफ उडाल्याने त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची पद्धत विकसित केली, ती ‘नालगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हेही असेच उदाहरण. तिथे पाणी आहे, पण खारट. भूरसायनशास्त्र शिकणारा विद्यार्थी पाण्याचा नमुना तपासतो आणि हे कुठून आले, हेही सांगतो. अकोला-बुलढाण्याकडच्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता शेवटचा प्रश्न : पाणी आहे, गोड आहे, पण किती दिवस पुरेल? इथे साधा हिशेब करू. गावचे क्षेत्र ५०० हेक्टर धरा. पावसाळ्यात विहिरींची पातळी सरासरी ५ मीटरने वर आली. पण मुरमाड बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्केच असते. म्हणजे ५ मीटरचे खरे पाणी भरते १० सेंटिमीटर. सगळ्या गावाचे मिळून ५ लाख घनमीटर. पाटपाण्याच्या उसाला हेक्टरी सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे २५ हेक्टर ऊस लावला, की गावाचे सगळे भूजल संपले! मग पिण्याला, गुरांना, ज्वारी-हरभऱ्याला काय राहिले? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने असा पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची पद्धत पाडली आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. त्यामागचे शास्त्र पदवीच्या वर्गातलेच आहे.

राहिला पालकांचा प्रश्न : पुढे काय? राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते. केंद्रात भूजल मंडळ आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेत भूशास्त्र, भूभौतिकी, रसायन आणि जलभूशास्त्र अशा वाटा आहेत. मात्र त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण हवे. नुसत्या पदवीवर थांबू नका, हे स्पष्ट सांगायला हवे. मुलींना रानात पाठवायला कचरणाऱ्या पालकांना इतकेच सांगते, की माझ्या वर्गातले उत्तम नकाशे पुष्कळदा मुलींनीच काढले आहेत.

आणि ज्यांना हा विषय शिकायचा नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. दोरीला वजन बांधा आणि गावातल्या एकाच विहिरीची पातळी मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये मोजा. तारीख घालून वहीत लिहा. पाच वर्षांची ती वही ग्रामसभेत उघडली, तर पुढची बोअर घ्यायची की नाही, यावर नारळापेक्षा चांगला सल्ला तीच देईल.