विमान आणि विश्वास



मीरा-भाईंदरच्या आमच्या गच्चीवरून सायंकाळीं विमानांचे दिवे दिसतात. ते पाहतां पाहतां परवां शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं विचारलें, "नातवाकडे जायचें आहे, पण १२ जून २०२५ ला अहमदाबादेस जें घडलें, त्यानंतर विमानांत पाय ठेवण्याचा धीर कसा व्हावा?" त्या विमानांतील २४२ माणसांपैकीं केवळ एक वांचला. तेव्हां ही भीति हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं.

मला आठवली ती १ जानेवारी १९७८ ची रात्र. 'सम्राट अशोक' हें एअर इंडियाचें जंबो विमान सांताक्रूझहून दुबईस निघालें. वांद्र्यापलीकडे खालीं काळा समुद्र, वर काळें आकाश, क्षितिज दिसेना. अशा वेळीं वैमानिकाचा डोळा म्हणजे विमान किती कललें हें दाखविणारें यंत्र. चौकशींत निष्पन्न झालें तें असें: कप्तानापुढील तें यंत्र बिघडलें व विमान सरळ असतां उजवीकडे कललेलें दाखवूं लागलें. त्यावर भरंवसा ठेवून कप्तानानें विमान डावीकडे कलविलें. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आंत २१३ जण मृत्युमुखीं पडले.

वास्तविक तसेंच दुसरें यंत्र सहवैमानिकापुढें होतें. तिसरें राखीव होतें. यंत्र केव्हां तरी बिघडणारच, हें गृहीत धरूनच विमान बांधतात. उणी पडली ती एकाची दुसऱ्याशीं पडताळणी. आज वैमानिकांच्या शिक्षणांत तिला मोठें स्थान आहे.

दुरुस्तीचेंही तसेंच. दोष नोंदवहींत लिहावा लागतो. कोणता दोष असतां किती दिवस उडतां येईल, हें आधींच ठरलेलें असतें. आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीवांचून विमान सुटत नाहीं. ती सही म्हणजे एका माणसाचा शब्द. वेळापत्रकाच्या दडपणानें तो सैल झाला, कीं सारी व्यवस्था पोकळ होते. म्हणून दुरुस्तीसाठीं विमान खोळंबलें, तर आपण प्रवाशांनीं त्या अभियंत्यावर करवादूं नये. तो आपलेंच काम करीत असतो. मात्र खोळंब्याचें खरें कारण सांगणें हें कंपनीचें, आणि अपघाताच्या चौकशीचा अहवाल लोकांपुढें ठेवणें हें सरकारचें कर्तव्य होय. झांकून ठेवलेल्या दोषानें विश्वास वाढत नाहीं.

मीं बाईंना एवढेंच सांगितलें. त्यांनीं तिकीट काढलें आहे. तो विश्वास ज्यांच्या सहीवर विसंबलेला आहे, त्यांना माझा नमस्कार.