वारसा आणि गल्ला

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एखादी गोष्ट बाजारात नेऊन तिच्यावर संसार चालवता येतो का, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. दिवाळीचा फराळ विकणाऱ्या प्रत्येक घराने तो कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. आज मी तो प्रश्न फार लांब नेऊन तपासणार आहे, कारण आपल्याच घराकडे पाहताना माया आड येते. न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर ईस्ट व्हिलेज नावाचा भाग आहे. तिथल्या सेकंड अॅव्हेन्यूच्या आसपासच्या गल्ल्यांना लोक आजही ‘लिटल युक्रेन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या विस्थापितांच्या छावण्यांमधून जी युक्रेनी कुटुंबं अमेरिकेत आली, त्यांतली पुष्कळशी इथे उतरली आणि आधी आलेल्यांच्या आधाराने स्थिरावली. चर्च, शाळा, सभागृह, पतपेढी, दुकानं, खानावळी, सगळं चालत जाता येईल इतक्या अंतरावर. एकाच वारशावर उभे राहिलेले आणि तरी नशिबं निराळी निघालेले व्यवसाय इथे शेजारी शेजारी बघायला मिळतात. त्यांच्याकडे पाहून मी ज्या मताला आलो आहे ते आधीच सांगून टाकतो. वारशातून धंद्याला कसब मिळतं आणि शिस्त मिळते. गिऱ्हाईक आणि भाव या दोन गोष्टी मात्र वारशात मिळत नाहीत. त्या प्रत्येक पिढीला नव्याने कमवाव्या लागतात.

पहिलं दुकान सुरमा. मिरोन सुरमाच हे गॅलिशियातून, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधून, आलेले गृहस्थ. त्यांनी १९१८ मध्ये पुस्तकांचं आणि संगीताचं दुकान काढलं. युक्रेनी पुस्तकं, गाण्यांच्या तबकड्या, स्वरलिपीची पानं, भरतकाम केलेले सदरे, रंगवलेली अंडी आणि मध असा सगळा माल एकाच छताखाली. पुढे हे दुकान सेंट जॉर्ज चर्चच्या समोर, ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवर स्थिरावलं. तीन पिढ्यांनी चालवलं आणि २०१६ मध्ये ते बंद झालं. दुसरं दुकान तिथून काही मिनिटांवर, सेकंड अॅव्हेन्यू आणि नाइन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. वोलोदिमिर दार्मोख्वाल यांनी १९५४ मध्ये ते सुरू केलं आणि नाव ठेवलं ‘वेसेल्का’, म्हणजे इंद्रधनुष्य. सुरुवातीला तिथे वर्तमानपत्रं, सिगारेटी, गोळ्या-चॉकलेटं मिळत. मग सूप आलं, मग जेवण आलं. दार्मोख्वाल यांच्यामागे ते त्यांचे अमेरिकन जावई टॉम बर्चर्ड यांच्याकडे आलं आणि आता नातू जेसन बर्चर्ड ते चालवतात. वेसेल्का आजही उघडं आहे.

अठ्ठ्याण्णव वर्षं टिकलेल्या दुकानाला अपयशी म्हणणं मला पटत नाही. तितकं आयुष्य फार थोड्या पेढ्यांना लाभतं. पण ही दोन दुकानं कुणाच्या जिवावर चालत होती ते पाहण्यासारखं आहे. सुरमाचा मुख्य माल युक्रेनी वाचणाऱ्यांसाठी होता. वाचणारा आजोबा दर आठवड्याला येई, त्याचा इंग्रजीत वाढलेला नातू वर्षातून एकदा ईस्टरला येई, आणि तो नातू उपनगरात राहायला गेल्यावर तेवढंही येणं होईना. साठीच्या दशकात तिथले भरतकामाचे सदरे हिप्पी तरुणांमध्ये लोकप्रिय झाले आणि दुकानाला अगदी नवं गिऱ्हाईक मिळालं. पण सदरा माणूस एकदा घेतो आणि दहा वर्षं वापरतो. सूप मात्र या आठवड्यात प्यायलं म्हणून पुढच्या आठवड्यात नको होत नाही. वेसेल्काला गिऱ्हाइकाचा हा फेरा मिळाला आणि तो युक्रेनी लोकांपुरता राहिला नाही. शेजारच्या विद्यापीठातले विद्यार्थी, रात्री कार्यक्रम आटोपून येणारे वादक, पाळीवरून सुटलेले टॅक्सीवाले अशी माणसं तिथे येऊ लागली, कारण २०२० च्या महामारीपर्यंत ती खानावळ चोवीस तास उघडी असे. पहाटे तीन वाजता बीटचं गरम बोर्श्च मागणाऱ्या माणसाला युक्रेनच्या इतिहासाशी काही देणंघेणं नसेल. त्याला भूक होती आणि दार उघडं होतं. आपल्या समाजाचे लोक आपल्याला सांभाळतील, हा हिशेब एका पिढीपुरता खरा ठरतो. पुढच्या पिढीत समाज पांगतो, आणि तेव्हा परक्याच्या रोजच्या गरजेत आपली जागा झालेली असावी लागते.

यावर कुणी म्हणेल की अन्नाचं ठीक आहे, कलेचं काय? रंगवलेलं अंडं कोण रोज विकत घेणार? म्हणून मी तुम्हाला न्यू यॉर्कमधून मिनियापोलिसला नेतो. तिथे मारी प्रोकाय या बाईंनी १९४७ मध्ये युक्रेनियन गिफ्ट शॉप सुरू केलं आणि त्यांच्या कन्या ल्यूबा पेर्चिशिन यांनी ते वाढवलं. या दुकानाचं नाव झालं ते पिसांकांमुळे. पिसांका म्हणजे ईस्टरसाठी रंगवलेलं अंडं, पण युक्रेनी माणूस ते ‘रंगवलं’ म्हणत नाही, ‘लिहिलं’ म्हणतो. ‘पिसाती’ म्हणजे लिहिणं, त्यावरूनच हा शब्द आला. लाकडी दांडीच्या टोकाला बारीक पितळी नाळकं असलेली लेखणी असते, तिला किस्तका म्हणतात. ती मेणबत्तीवर तापवायची, मधमाशीच्या मेणात बुडवायची आणि पांढऱ्या अंड्यावर रेघ ओढायची. जिथे मेण लागलं तिथे पांढरा रंग कायम राहतो. मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं आणि जे पिवळं ठेवायचं त्यावर मेण लावायचं. मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. आपल्याकडे बाटिक केलेल्यांना ही रीत लगेच उमजेल. काम पुरं होतं तेव्हा हातात काजळी धरल्यासारखा एक काळपट गोळा असतो. तो ज्योतीच्या वर न धरता बाजूला धरायचा, मेण पाघळलं की फडक्याने टिपायचं, आणि एकेक रंग वर येत जातो. यात कित्येक तास जातात. त्या तासांचा रास्त मोबदला लावला तर अंड्याचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातो, आणि भाव आवाक्यात ठेवला तर करणारीच्या हाताला मजुरी पडत नाही. मिनियापोलिसच्या मायलेकींनी यातून वाट काढली. तयार अंडी विकत असतानाच त्यांनी किस्तका, रंगाच्या पुड्या, मेण आणि शिकवणारी पुस्तकं विकायला घेतली, आणि टपालाने दूरदूर पाठवली. ज्याच्या कुळात कुणी युक्रेनी नव्हतं अशी बाईसुद्धा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिसांका लिहू लागली आणि पुढच्या वसंतात पुन्हा रंग मागवू लागली. कसब शिकवलं की आपलं गिऱ्हाईक तुटेल ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. मसाल्याचं प्रमाण सुनेलाही न सांगणाऱ्या घरांची आपल्याला काही कमी नाही. इथे उलट झालं. शिकवल्यामुळे गिऱ्हाईक जन्माला आलं.

आता भावाचा प्रश्न. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. सुरमाच्याच गल्लीत सेंट जॉर्ज चर्चच्या मंडळींनी चालवलेलं ‘स्त्रीचा’ नावाचं एक छोटं तळघरातलं स्वयंपाकघर कित्येक वर्षं चालत आलेलं आहे. या नावाचा अर्थ भेट. तिथे मंडळीतल्या वयस्क बायका एकत्र बसून वारेनिकी करत. मऊ कणीक लाटायची, वाटीने गोल कापायची, मध्ये बटाट्याचं नाहीतर चीजचं सारण ठेवायचं, अर्धगोल दुमडायचं आणि कडा बोटांनी चिमटत जायचं. आपल्या करंजीची मुरड घालणारी बोटं हे काम बघताक्षणी ओळखतील. या वारेनिकी स्वस्त असत आणि मिळकत चर्चला जात असे. अमेरिका-कॅनडातल्या असंख्य युक्रेनी चर्चांची छपरं आणि घंटा अशाच वारेनिकींच्या पैशांतून उभी राहिली आहेत. पण तो स्वस्त भाव शक्य होता, कारण त्या बायका मजुरी घेत नव्हत्या. तीच वारेनिकी शेजारच्या खानावळीत करायची तर कडा चिमटणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. न्यू यॉर्क शहरात किमान वेतन २०१९ च्या अखेरीपर्यंतच तासाला १५ डॉलरवर गेलं होतं, आणि त्यावर भाडं, गॅस, विमा हे सगळं आहेच. घरगुती वारशावर धंदा काढणारा माणूस पहिल्यांदा फसतो तो इथे. आजीच्या हातच्या पदार्थाची जी किंमत त्याच्या मनात असते, तिच्यात आजीचे तास धरलेले नसतात. आजी पहाटे चारला उठत होती आणि तिला कुणी विचारलं नाही, म्हणून ते काम फुकट होतं असं सगळ्यांनी धरून चाललं. वारसा धंद्यात आला की ते तास पहिल्यांदा वहीत लिहिले जातात, आणि लिहिल्यावर घाबरायला होतं. पण माझ्या मते धंदा तिथूनच खरा सुरू होतो.

एक आक्षेप असा येईल की परक्यांसाठी दार उघडलं की चव पातळ होते, नाव बदलतं आणि वारसा नावापुरता उरतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. अमेरिकेत वारेनिकीला ‘पिरोगी’ हा पोलिश शब्द जास्त चालतो आणि दुकानदारांना पाटीवर तो लिहावा लागतो. युक्रेनी माणसाच्या मनाला हे लागतं, आणि रशियाने ज्या भाषेचं स्वतंत्रपण नाकारलं त्या भाषेच्या माणसाला ते अधिकच लागणार. पण गिऱ्हाईक ज्या शब्दाने आत येतं तो शब्द दारावर असावा आणि आत आल्यावर दुसरा शब्द त्याला शिकवावा, यात मला फसवणूक दिसत नाही. खरा धोका दुसरीकडे आहे, आणि वेसेल्काच्याच इतिहासात तो दिसतो. २०११ मध्ये त्यांनी जवळच बावरी भागात अधिक उंची थाटाची शाखा काढली आणि २०१३ मध्ये ती बंद करावी लागली. मूळ दुकानात जे गिऱ्हाईक रात्री-अपरात्री काउंटरवर कोपर टेकून बसत होतं, त्याला या नव्या थाटाची गरज नव्हती. परक्याला घरात घेतल्याने काही बिघडलं नव्हतं. घराचा दिवाणखाना करायला गेल्यावर बिघडलं, असं मी त्या घटनेचं वाचन करतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठं आक्रमण केलं आणि वेसेल्काच्या दारात रांगा लागल्या. बोर्श्चचा एक वाडगा घेणं म्हणजे पाठिंबा देणं झालं, आणि त्या विक्रीतून मोठी रक्कम मदतकार्याला गेली. मग वारशातून गिऱ्हाईक मिळत नाही हे विधान खोटं नाही का ठरलं? थोडं थांबून पाहू. त्या रांगेतल्या लोकांना कुठे जायचं ते माहीत होतं, कारण ते दार तोवर अडुसष्ट वर्षं उघडं होतं. सहानुभूतीने त्यांना रस्त्यावर आणलं, पण पत्ता रोजच्या व्यवहाराने आधीच कमावलेला होता. आणि सहानुभूती टिकत नाही. बातम्यांची जागा दुसऱ्या बातम्या घेतात, रांग आखडते, आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाचे भाऊबंद मात्र अजून आघाडीवरच असतात. त्या माणसाचा पगार उद्याच्या सुपावर अवलंबून आहे. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोने युक्रेनी बोर्श्चला तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घेतलं. त्या नोंदीचे शब्द नीट पाहिले तर पदार्थाच्या किंवा पाककृतीच्या नावाने ती नोंद नाही, बोर्श्च शिजवण्याच्या संस्कृतीच्या नावाने आहे. म्हणजे रोज कुणीतरी भांडं चुलीवर ठेवणं.

शेवटचा आक्षेप संकोचाचा आहे, आणि तो आपल्या मध्यमवर्गात फार खोल रुजलेला आहे. वारसा विकायचा कसा, आईची माया गल्ल्यात मोजायची कशी? या बाबतीत युक्रेनी इतिहासच उत्तर देतो. गॅलिशियातल्या युक्रेनी शेतकऱ्याच्या हातात ना राज्य होतं ना मोठी पेठ. तिथे १८८३ मध्ये ल्विव्हला ‘नारोद्ना तोर्हिव्ल्या’ ही व्यापारी सहकारी संस्था निघाली. पुढे लोण्याचा सहकारी संघ ‘मास्लोसोयुझ’ वाढला आणि ‘आपल्या माणसाकडे, आपल्या मालासाठी’ अशा अर्थाची घोषणा गावोगाव गेली. स्वदेशीची चळवळ पाहिलेल्या मराठी समाजाला ती समजावून सांगावी लागणार नाही. न्यू यॉर्कला आल्यावर हेच लोक १९५१ मध्ये आपली पतपेढी काढतात आणि तिचं नाव ‘सेल्फ रिलायन्स’ ठेवतात. भरतकाम आणि पिसांका हा त्यांचा जितका वारसा आहे, तितकाच वहीखातं आणि भागभांडवल हाही आहे. सोव्हिएत सत्तेने पिसांकांकडे धार्मिक रूढी म्हणून वाकड्या नजरेने पाहिलं, त्या काळात रंगाच्या पुड्या आणि नमुन्यांची पुस्तकं विकणाऱ्या परदेशातल्या दुकानांनी त्या रेघा जिवंत ठेवण्यात मोठा वाटा उचलला. त्या दुकानदारांनी नफा घेतला, आणि तो घेतला म्हणूनच पुढच्या वर्षी दुकान उघडता आलं.

तेव्हा ज्यांच्या घरात करंज्यांना अजून हाताने मुरड पडते आणि कुणीतरी ‘तुम्ही हे विकत का नाही’ असं विचारतं, त्यांना माझी एकच विनंती आहे. विकायचं की नाही ते नंतर ठरवा. या दिवाळीत घड्याळ आणि तराजू घेऊन आईशेजारी बसा. किती कणीक, किती तूप, किती तास, हे सगळं एका वहीत उतरवून घ्या, आणि त्या तासांपुढे मजुरीचा आकडा लिहा.