पिकअपला पायरी लावताना



आज गाडीबद्दल बोलायचं आहे. गाडी म्हटलं की बैठकीतल्या बाया ड्रायव्हरकडे बोट दाखवतात, "ते त्याले विचारा." पण गाडी ग्रामसंघाच्या नावावर, हप्ता आपल्या बचतीतून, आणि तुरीचे कट्टे नाही तर संत्र्याचे क्रेट घेऊन बाजार समितीत जाणाऱ्याही आपणच. मग चढायची पायरी कशी असावी, हे दुसऱ्यानं का ठरवावं?

छोटा हत्ती बुटका, त्यात बसताना फारसं अडत नाही. पिकअप उंच. लुगडं किंवा साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईनं त्यात चढायचं म्हणजे एका हातानं दार धरा, दुसऱ्यानं निऱ्या सावरा आणि पाय कुठं ठेवू ते शोधा. काही जणी चाकावर पाय देऊन हौद्यात चढतात. चाकाला काळ्या मातीचा चिखल, पायात प्लास्टिकची चप्पल. घसरलं की नडगी सोलते, कधी मनगटच मोडतं. ऐन वेचणीत हात गळ्यात बांधून बसावं लागलं तर त्या दिवसांची मजुरी कोण भरून देणार?

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घ्या. गाडी रिकामी आणि सपाट जागेवर उभी करा. माल भरला की ती खाली बसते, म्हणून भरलेल्या गाडीचं माप कामाचं नाही. जमिनीपासून केबिनच्या तळापर्यंत उंची मोजा आणि पायरी साधारण मधोमध येईल असं बघा. समजा तळ २६ इंचांवर आहे, तर पायरी १३ इंचांच्या आसपास. फार खाली घेतली तर चढायला सोपी, पण वावराचा धुरा ओलांडताना तीच आधी आपटेल. गटातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात वयस्क बाईला सोबत न्या. तिचा पाय जिथं सहज पोचतो, ती खरी उंची.

दुकानात चकचकीत गोल पाइपची पायरी आधी दाखवतील. दिसायला छान असते. पण गोल पाइपवर पाय पूर्ण टेकत नाही. वर लावलेलं रबर झिजलं की ओल्या चप्पलेखाली ती साबणासारखी लागते. आमचं मत सरळ आहे: नक्षी उठलेल्या चेकर पत्र्याची सपाट पट्टी घ्या, रुंदी निदान सहा इंच, मध्ये भोकं पाडलेली. भोकं यासाठी की आपला चिखल खाली पडला पाहिजे. बिनभोकाच्या पायरीवर पहिल्या पावसातच मातीचा थर बसतो. दार उघडलं की आपोआप बाहेर येणाऱ्या मोटारीच्या पायऱ्याही मिळतात, पण त्या डांबरी रस्त्यावरच्या हौशी लोकांसाठी.

आता दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या भागातल्या बायांनी जरा लक्ष द्या. आपला खारपाणपट्टा. बोअरचं खारं पाणी मारून गाडी धुतली की साध्या लोखंडाचा रंग फुगतो आणि आतून गंज खातो. पायरी वरून धड दिसते, पण ब्रॅकेटच्या जोडापाशी पोखरलेली असते. त्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड थोडं महाग पडलं तरी घ्यावं. अॅल्युमिनियम हलकं असतं, त्याला तांबडा गंज चढत नाही. पण त्याला लोखंडी बोल्ट थेट लावले तर खाऱ्या ओलीत बोल्टाभोवतीचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबराचे वायसर टाकायला सांगा. शेवटचं धुणं गोड्या पाण्याचं करा, दोन बादल्या पुरतात.

पायरी कशाला बांधली आहे, हे वाकून बघायचं. दाराखालच्या पातळ पत्र्याला स्क्रूनं लावलेली पायरी उपयोगाची नाही. ब्रॅकेट चेसिसला पाहिजे, आणि तेही कंपनीनं ठेवलेल्या भोकांतून बोल्ट घालून. फॅब्रिकेशनवाला म्हणेल, "ताई, वेल्डिंग मारून देतो, जन्माची काळजी नाही." नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेनं चेसिस त्या जागी कमजोर होते, शिवाय तिथूनच ब्रेकची, डिझेलची नळी आणि वायरी गेलेल्या असतात. बोल्टांची टोकं टोपण घालून बंद करा, पट्टीच्या कडा कानशीनं घासून घ्या. साडीचा काठ नेमका तिथंच अडकतो. मग गटातली वजनदार बाई पायरीच्या टोकावर उभी करा (हसू नका, हीच परीक्षा) आणि दुसरीनं खाली बसून ब्रॅकेट वाकतो का ते बघावं. महिनाभरानं बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

नुसती पायरीही पुरत नाही. दाराच्या चौकटीला हाताची कडी हवी. उतरताना तोंड गाडीकडे ठेवून उतरा, उडी मारू नका. हौद्यासाठी मागच्या फाळक्याला अडकवायची दोन पायऱ्यांची लोखंडी शिडी करून घ्या, क्रेट चढवणाऱ्या बायांचे गुडघे वाचतील.

कागदाचंही बघावं लागतं. गाडीच्या रचनेत मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. गाडीपुढे लावायच्या लोखंडी क्रॅशगार्डवर कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. म्हणून पायरी चाकावरच्या पत्र्याच्या बाहेर येऊ देऊ नका, आणि लावण्याआधी अमरावती किंवा अकोल्याच्या आरटीओ कार्यालयात एकदा विचारून घ्या. दोन-तीन दुकानांचे दरपत्रक घ्या, ठराव लिहा, पक्कं बिल ग्रामसंघाच्या नावानं मागा आणि विमा कंपनीलाही कळवा.

आता पायरी झाली म्हणून हौद्यात बाया भरून वावरात न्यायच्या, असं कोणी समजू नये. कापूस वेचायला तशाच जातात, हे आम्हाला माहीत आहे. पण मालवाहू गाडीत आरसीवर लिहिलेल्या आसनांइतकीच माणसं बसू शकतात. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस असेल तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. मात्र फुकट बसवून नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये ठरवलं आहे. मग ती भरपाई मालकाच्या गळ्यात पडते. आणि गाडीचा मालक कोण? आपला ग्रामसंघ. म्हणजे एका अपघातात एका घरची बाई जाते आणि साऱ्या गटांची बचतही जाते. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. जिथं बस जाते तिथं ती वापरा, जिथं जात नाही तिथं शेतमालकाकडून प्रवासी गाडी मागा.

चालत्या गाडीच्या पायरीवर पोरांना लटकू देऊ नका. पायरी बसली की हा खेळ हमखास सुरू होतो.

पुढच्या मासिक बैठकीत टेप घेऊन या. गाडी अंगणात उभी करायला ड्रायव्हरदादाला आधीच सांगून ठेवा.