संप त्यांचा, पंचनामा आपला



मार्च २०२३ आठवा. १४ तारखेला जिल्हा परिषदेचे आणि सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्याच आठवड्यात गारपीट झाली. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, कणसं काळी पडली. पंचनाम्याला यायचे ते तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. त्यातले बहुतेक संपात. आपण जायचं कुणाच्या दारी?

तरी मी त्यांना शिव्या देणार नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना ठरलेली पेन्शन नव्हती. पगारातले दहा टक्के कापायचे, सरकारने भर घालायची, मग बाजार देईल ते. बाजार देईल ते म्हणजे काय, हे कापूसवाल्याला कुणी सांगायला नको.

सातव्या दिवशी मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मिटला. समिती तीन निवृत्त अधिकाऱ्यांची. त्यांची स्वतःची पेन्शन जुनी, बरं का! २०२४ मध्ये सरकारने शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनचा पर्याय देऊ केला. सात दिवस काम थांबवलं की सरकार बोलायला बसतं. आपण पेरणी थांबवली तर उपाशी आपणच.

म्हणून पुढची नोटीस निघाली की जिल्ह्यातल्या त्यांच्या संघटनेकडे आपण जायचं. म्हणायचं, संप खुशाल करा, पण गारपिटीच्या गावचा पंचनामा त्यातून वगळा, आणि तसं नोटिशीतच लिहा.