तीर्थ कुंडापुरते नाही



गौतम ऋषींच्या या क्षेत्री, त्र्यंबकेश्वरी, संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. ज्योतिर्लिंग, सिंहस्थ, निवृत्तिनाथांची समाधी यांची ओळख आपल्याला करून द्यायला नको. म्हणून माझ्या वाट्याच्या वेळात एकच मुद्दा मांडतो. त्र्यंबकचे तीर्थ कुशावर्त कुंडाच्या चार भिंतींत मावत नाही. अख्खा ब्रह्मगिरी डोंगर हे तीर्थ आहे, आणि तसे आपल्या परंपरेनेच मानलेले आहे.

गौतमांची कथा सर्वांना ठाऊक आहे. मोठे अवर्षण पडले, गौतमांनी वरुणाची आराधना करून कधी न आटणारे पाणी मिळवले, त्यावर भात पिकवला आणि आश्रयाला आलेल्या ऋषींना जगवले. पुढे शेतात शिरलेली गाय दर्भाच्या काडीने हाकलताना मेली, दोष लागला, आणि तो फेडण्यासाठी त्यांनी शंकराची तपश्चर्या करून गंगा खाली आणली. कीर्तनकार बहुधा इथे थांबतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. आलेली गंगा एका जागी ठरेना. डोंगरावर प्रकटावी, लुप्त व्हावी, पुन्हा खाली कुठेतरी दिसावी. अखेर गौतमांनी कुश टाकून तिला अडवले, ते कुशावर्त. आता हा डोंगर पाहा. माथ्यावर गोदेचे मूळ दाखवतात, मग ती दिसेनाशी होते; शेकडो पायऱ्या चढून जावे त्या गंगाद्वारी कड्याच्या पोटातून बारीक धारेने बाहेर येते, पुन्हा हरवते आणि गावात कुशावर्तात भेटते. काळ्या बसाल्टच्या थरांत असेच घडते. पावसाचे पाणी भेगांतून मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि उतार सापडेल तिथे झरा होऊन फुटते.

पुराणात विज्ञान शोधण्याची ही हौस आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण अशा हौसेने पुराणाचेही नुकसान होते आणि विज्ञानाचेही. पुराणकारांना भूगर्भशास्त्र अवगत होते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ही कथा ज्यांनी सांगितली त्यांनी या डोंगराचे पावसाळे-उन्हाळे डोळसपणे पाहिले होते, एवढेच मी म्हणतो. नदी लपतछपत येते, हे एका स्नानापुरत्या आलेल्या माणसाला सुचणारे नाही.

लोकाचारही हेच सांगतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी निघते. माणसे चिखल तुडवत, पावसात भिजत सबंध डोंगराला प्रदक्षिणा घालतात. प्रदक्षिणा देवाला घालतात, तेव्हा या लोकांच्या लेखी देव कोण, हे वेगळे सांगायला नको. निवृत्तिनाथांना गुरू गहिनीनाथ भेटले तेही याच डोंगराच्या गुहेत, आईवडील आणि भावंडांसह प्रदक्षिणा चालू असताना, असे परंपरा सांगते. वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेचा एक धागा असा या झाडीतून गेलेला आहे. शिवाय याच डोंगररांगांतून निघालेली वैतरणा पश्चिमेला वळून मुंबईची तहान भागवते; गोदावरी 1465 किलोमीटर चालून आंध्रात समुद्राला मिळते, आणि तिथेही तिच्या एका मुख्य शाखेचे नाव गौतमीच आहे.

मग अडचण कुठे आहे? यात्रा वाढते आहे, सोयी हव्यात, गावाचे पोट यात्रेवर आहे, हे म्हणणे खरे आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. पुरोहित, पेढेवाले, लॉजवाले, रिक्षावाले, फुलवाल्या बाया हे सगळे याच गावचे आहेत. पण यात्रा कशावर उभी आहे? पाण्यावर. 2015 चा सिंहस्थ झाला आणि 2016 च्या एप्रिलमध्ये नाशिकचे रामकुंड कोरडे पडले. टँकरने पाणी आणून ते भरावे लागले. त्र्यंबकमध्ये तर गोदा काही अंतर काँक्रीटच्या स्लॅबखालून वाहते. भाविक तिच्या डोक्यावरून चालत जातो आणि त्याला पत्ताही नसतो. डोंगराचा पायथा खोदून, उतारावरची झाडी उतरवून जी सोय होते, ती झऱ्याच्या तोंडात बोळा घालून होते. त्या सोयीवर गावाचे पोट पिढ्यान्‌पिढ्या भरणार नाही.

गंगा स्वयंपवित्र आहे, तिला माणसाच्या राखणीची काय गरज, असाही एक श्रद्धेचा सूर ऐकू येतो. त्याला उत्तर गौतमांच्या कथेतच आहे. शंकर प्रसन्न झाले, गंगा उतरली, तरी ती थांबली नव्हती. तिला थांबवायला ऋषीला स्वतः हातात कुश घ्यावा लागला. देवाने दिलेले पाणी राखण्याचे काम कथेनेही माणसाकडेच ठेवले आहे.

म्हणून यजमान या नात्याने आपल्याकडे एक मागणे मागतो. सिंहस्थाची तयारी सुरू आहे, 2027 दूर नाही. ब्रह्मगिरीच्या उतारावर आणि पायथ्याशी नवे खोदकाम होऊ नये, गोदा व अहिल्या या नद्यांची पात्रे उघडी व्हावीत, असा ठराव या संमेलनाने एकमुखाने करावा. आणि परतण्यापूर्वी ज्यांना झेपेल त्यांनी गंगाद्वारापर्यंत अवश्य चढून जावे. वाट दाखवायला आमचे कार्यकर्ते बरोबर येतील.