गळवाल्यांचा लाडका मोसम



अमेरिकेत बास या माशासाठी गळ टाकणारी माणसं लाखांनी मोजावी लागतील. त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, "वर्षातले कुठले दिवस तुम्हाला आवडतात?" बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता 'वसंत' म्हणतील. मी टेक्सासात राहत होतो तेव्हा बोटीच्या धक्क्यावर हेच उत्तर ऐकत आलो. मला ते कधी पूर्ण पटलं नाही. का पटलं नाही, ते आज सांगतो.

आधी माशाची ओळख. हा 'लार्जमाउथ बास'. गोड्या पाण्यातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्याकडे हॉटेलच्या मेन्यूकार्डावर 'सी बास' दिसतो, तो हा नव्हे. पाठ हिरवट, कुशीवरून काळसर पट्टा गेलेला, आणि जबडा एवढा लांब की तोंड मिटलं तरी त्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. त्या तोंडात मावेल ते त्याला चालतं. लहान मासे, बेडूक, क्रेफिश, एखादं बदकाचं पिल्लूसुद्धा. एके काळी अमेरिकेतल्या प्रतिष्ठितांचा मासा म्हणजे ट्राउट. १८८१ साली जेम्स हेन्शॉल नावाच्या एका डॉक्टरने बासवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि झुंज हवी असेल तर याच्याशी गाठ घाला, असं ठणकावून सांगितलं. पुढे लोकांनी त्याचं भलतंच मनावर घेतलं.

आता वसंताकडे येऊ. बासचं पंचांग चालतं ते पाण्याच्या तापमानावर. तिथल्या गळवाल्याच्या बोटीवर एक छोटा पडदा असतो. त्यावर खोली दिसते आणि पाण्याचं तापमानही. फेब्रुवारी-मार्चात माणसाचा डोळा त्या आकड्यावरून हलत नाही. ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले १० अंश सेल्सियस झाले, की खोल पाण्यातल्या माद्या उथळाच्या दिशेने सरकू लागतात. साठी ओलांडली की विणीला सुरुवात होते. फ्लोरिडात हे जानेवारीतच घडतं, टेक्सासात साधारण मार्चमध्ये आणि पार उत्तरेला मिनेसोटात मे-जूनमध्ये. म्हणजे 'वसंत' म्हणून ज्याचं कौतुक होतं तो दक्षिणेकडून निघून उत्तरेला पोचेपर्यंत निम्मं वर्ष सरतं. ज्यांना आकड्यांवर भरवसा नाही ते झाडं बघतात. डॉगवुड फुलला की मासा काठाशी आला, असं दक्षिणेतली जुनी माणसं सांगतात. पाणी आणि झाड दोन्ही एकाच उन्हाने तापतात, तेव्हा त्यांचं सहसा चुकत नाही.

या दिवसांचं आकर्षण कशात आहे? बासमध्ये थोराड असते ती मादी. नर त्या मानाने किरकोळ. विणीच्या आधी मादीच्या पोटात गाभोळी भरलेली असते, तिचं वजन वर्षातलं सर्वांत जास्त असतं, तिला भूक असते आणि ती काठापासून हाकेच्या अंतरावर असते. बोट नसलेल्या माणसालाही मोठा मासा लागण्याची आशा याच दिवसांत. टेक्सास सरकारची १९८६ पासून एक योजना आहे. १३ पौंड किंवा त्याहून मोठी मादी जानेवारी ते मार्च या काळात कुणाला मिळाली आणि त्याने ती जिवंत दिली, तर सरकारी केंद्रात तिची वीण करून घेतात आणि मग तिला परत सोडतात. योजनेसाठी हेच तीन महिने निवडले, यातच वसंताची महती आली.

आपल्याला हे नवं नाही. जूनच्या पहिल्या दणक्याच्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे लागतात तेव्हा गावच्या गाव पाण्यात उतरतं, आणि सापडतात त्यांतले बरेचसे मासे गाभोळीने भरलेले असतात. मजा खरी, पण ती माशाच्या नडीवरची मजा. म्हणून तर महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्यूयॉर्क राज्यात बास घरी न्यायचा तर १५ जूनपर्यंत थांबावं लागतं. टेक्सासात तशी बंदी नाही.

वसंताबद्दल माझी खरी तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. नर उथळ पाण्यात शेपटीने रेती-खडे झाडून परातीएवढी गोल जागा साफ करतो. मादी तिथे अंडी घालून निघून जाते. राखणीला नर थांबतो. त्या दिवसांत तो धड खातही नाही, पण घरट्याजवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर धावून जातो, कारण ब्लूगिलसारखे बारके मासे अंडी मटकावायला टपलेले असतात. पोलराइज्ड चष्मा डोळ्यांवर चढवला की पाण्यातला तो स्वच्छ गोल आणि त्यावर घिरट्या घालणारा मासा स्पष्ट दिसतो. मग आमिष नेमकं त्या गोलात टाकायचं, आणि त्याने चिडून तोंडात धरेपर्यंत टाकत राहायचं. काही राज्यांत हे कायदेशीर आहे, करणारे पुष्कळ आहेत, आणि मासा लगेच सोडला तर तो घरट्यावर परततो असं त्यांचं म्हणणं. परततो बहुतेकदा. पण तेवढ्या वेळात ब्लूगिलांचं जेवण उरकलेलं असतं. मला यात कौशल्य दिसतं, खेळ दिसत नाही.

याच प्रकारातून आजवरचा सर्वांत गाजलेला घोटाळा झाला. कॅलिफोर्नियात एस्कॉन्डिडो गावाजवळ डिक्सन लेक म्हणून एक लहानसा तलाव आहे. २० मार्च २००६ रोजी तिथे काठाशी दिसलेली एक मादी एका तरुणाच्या गळाला लागली. हातातल्या काट्यावर वजन भरलं २५ पौंड १ औंस, म्हणजे ११ किलोच्या वर. जागतिक विक्रमाहून जवळपास तीन पौंड जास्त. पण गळ तोंडात नव्हता, बाहेर अंगात रुतला होता. त्याने ती सोडून दिली, आणि विक्रमाचा दावाही पुढे केला नाही. मे २००८ मध्ये तीच मासळी त्या तलावात मरून तरंगताना सापडली. गालाखालच्या काळ्या ठिपक्यावरून ओळखली.

मग जागतिक विक्रम कुणाचा आणि कुठल्या मोसमातला? इथे वसंतवाल्यांची पंचाईत होते. १९३२ सालची २ जूनची तारीख. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी. मंदीचा काळ, घरात खाणारी तोंडं बरीच. पाऊस झाल्याने रान ओलं होतं, नांगर धरता येईना, म्हणून मित्राबरोबर मॉन्टगोमेरी लेक नावाच्या नदीच्या जुन्या वळणात गळ टाकायला गेला. तिथे त्याला २२ पौंड ४ औंसांचा बास मिळाला. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याचं त्याला ७५ डॉलरचं सामान बक्षीस मिळालं. मासा घरच्यांनी खाल्ला. मला विचाराल तर बासच्या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत शहाणपणाचं कृत्य. पुढे ७७ वर्षं त्या विक्रमाला कुणी हात लावला नाही. मग २ जुलै २००९ रोजी जपानमध्ये बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना १०.१२ किलोचा बास मिळाला. पेरीच्या माशाहून तो किंचित भारी, पण विक्रम मोडायला निदान २ औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. एक जूनमधला, एक जुलैमधला. दोन्ही उन्हाळी.

स्पर्धांच्या तारखाही पाहण्यासारख्या आहेत. रे स्कॉट यांनी १९६८ मध्ये बास गळवाल्यांची संघटना काढली आणि १९७१ मध्ये 'बासमास्टर क्लासिक' सुरू केली. पहिल्या वर्षी २४ जणांना विमानात बसवलं आणि कुठे जायचंय ते विमान उडाल्यावर सांगितलं: नेवाडातलं लेक मीड. महिना ऑक्टोबरचा. पुढे बरीच वर्षं ही स्पर्धा भर ऑगस्टात व्हायची, पाणी कढत असताना. २००६ पासून ती फेब्रुवारी-मार्चात आली आणि तिथेच रमली. वजनाचे आकडे भरघोस हवे असतील तर तेच दिवस. स्पर्धेचं गणित मला मान्य आहे. रविवारी सकाळी डबा घेऊन निघालेल्या माणसाने तेच गणित मांडावं, याची मात्र काही गरज नाही.

उन्हाळ्याबद्दल फार सांगत नाही. दक्षिणेत जुलै-ऑगस्टात दुपारी पाण्यावर जाणारा एकतर नवखा असतो नाहीतर हट्टी. तलावाचे थर पडतात, वर गरम पाणी, खाली थंड पण प्राणवायू नसलेलं, आणि मासा त्या दोन्हींच्या सीमेवर अडकून असतो. म्हणून पहाटे जायचं किंवा सरळ रात्री.

माझा मोसम ऑक्टोबरचा. थंडीची पहिली झुळूक आली की वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि तळाचं वर येतं. तलाव उलटला, असं तिथे म्हणतात. आठ-दहा दिवस पाण्याला कुजका वास येतो, रंग गढूळ होतो, मासा कुठे आहे ते कुणालाच कळत नाही, आणि धक्क्यावर सगळे वैतागलेले दिसतात. तेवढं निभावलं की पुढे चैन. शॅड नावाचा चंदेरी मासा, आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला, थव्याथव्याने तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी शिरतो, आणि हिवाळ्याआधी पोट भरून घ्यायला बास त्याच्या मागे लागतो.

डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे. १९८० मध्ये धरण बांधलं तेव्हा जंगल बरंचसं तसंच उभं ठेवून त्यावर पाणी चढवलं, त्यामुळे अजून वाळकी खोडं पाण्याबाहेर डोकावतात. तिथल्या एखाद्या ओढ्यात सकाळी बोट बंद करून बसलं की आधी बगळे दिसतात, सगळे एकाच कोपऱ्याकडे तोंड करून. मग त्या कोपऱ्यात पाणी उसळतं. बोटभर शॅड मूठभर नाणी फेकावीत तसे हवेत उडतात आणि खालून जबडे वाजतात. हे मिनिटभर चालतं, थांबतं, आणि पन्नास हात पलीकडे पुन्हा सुरू होतं. आमिष शॅडच्या मापाचं हवं. मोठं टाकलंत तर बास ढुंकूनही बघत नाही. इथे मासा तुमच्याकडे येत नाही, तुम्हाला त्याच्या मागे धावावं लागतं, आणि त्याच्याही मनात जेवणाखेरीज दुसरं काही नसतं. दोन्ही बाजूंनी चोख व्यवहार.

मासे लहान लागतात, हे कबूल. पण लेक फोर्कमध्ये १६ ते २४ इंचांमधला बास सोडूनच द्यावा लागतो आणि २४ इंचांवरचा दिवसाला एकच ठेवता येतो. तेव्हा थोराड मासा मिळूनही घरी कालवण होईलच असं नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हा नियम समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक व्हायची.

हिवाळा उरला. बासचं रक्त पाण्याइतकंच गार, त्यामुळे त्याची भूक मंदावते आणि आमिष जवळजवळ स्थिर ठेवावं लागतं. गार पाण्यात शॅड गारठून मरायला टेकतात, अधूनमधून आचके देतात. आमिषानेही तसंच करायचं: एक हिसका, मग मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं, मग पुन्हा हिसका. फेब्रुवारी २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या लेक हार्टवेलवर 'क्लासिक' झाली तेव्हा काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता. ती जिंकली तिथल्याच केसी ॲशलीने, वडिलांनी घरी बनवलेल्या आमिषावर. आणि टेक्सासचा विक्रम? २४ जानेवारी १९९२, लेक फोर्क, १८.१८ पौंड. पकडणारा गडी बासच्या मागे नव्हताच, तो क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी गळ सोडून बसला होता.

श्रोत्यांपैकी कुणाची मुलं टेक्सासात असतील तर एक उपयोगाची गोष्ट. तिथे गळ टाकायला परवाना लागतो, पण राज्य उद्यानाच्या हद्दीत काठावरून टाकायचा असेल तर लागत नाही, फक्त उद्यानाचं प्रवेशशुल्क भरायचं. आईवडील सहसा मेमध्ये जातात आणि गणपतीला परत येतात. यंदा तिकीट काढताना परतीची तारीख नोव्हेंबरात टाकून बघा.