खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ

(सोसायटीच्या सभागृहातील रविवारच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या बी विंगमध्ये चार घरांत खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाक्या होत्या. आता दोनच उरल्यात. त्यातल्या एका घरी आई म्हणते, "हे हिरवं गटार दिवाळीआधी बाहेर गेलं पाहिजे." आणि तिसरीतली मुलगी त्यातल्या दोन क्लाउनफिशसाठी शाळेतून पळत घरी येते. म्हणून सेक्रेटरींनी मला उभं केलंय.

शेवाळाला प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. तिन्ही आपणच पुरवतो. जास्तीचं खाणं हे एक कारण, दुसरं पाणी. नळाच्या पाण्यात हे क्षार असू शकतात. स्वयंपाकघरातल्या आरओचं चालेल का, असं सगळे विचारतात. नाही चालत. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यात बहुधा थोडे क्षार मुद्दाम ठेवतात. आपल्याला आरओनंतर डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणायचा असतो. मग लिटरला साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ. (घरातलं आयोडीनचं नव्हे!) पाणी आटलं की वरून फक्त गोडं शुद्ध पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही.

"टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं, मग शेवाळ कसं?" पगार जमा झाल्या दिवशीच सगळा काढून नेणारे खातेदार आम्ही काउंटरवर पुष्कळ पाहिले. संध्याकाळी शिल्लक शून्य, म्हणून पगार झालाच नाही असं कुणी म्हणत नाही. शेवाळही तसंच, येईल ते लगेच खाऊन टाकतं.

तेव्हा आधी हाताने उपटा. कंटाळवाणं आहे, पण याला तोड नाही. जुन्या टूथब्रशने दगड घासायचे आणि तुटलेले धागे नळीने पाण्यासकट बाहेर ओढायचे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. दिवा आठ तास पुरे, खिडकीचं ऊन नको. गोठवलेलं खाणं वितळवून, पाणी गाळून टाकूनच घालायचं. टर्बो गोगलगायी चांगल्या चरतात, पण लांब केसांना फारशा विचारत नाहीत. कापणी आधी तुम्ही करायची.

नव्या टाकीतला तपकिरी थर डायटमचा असतो. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातो, त्याच्या मागे लागू नका. लाल बुळबुळीत पापुद्रा तर शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवून बघा.

आता बाटलीतल्या औषधाचं. बंद पडलेल्या टाक्यांपैकी एकीत दुकानदाराने दिलेलं शेवाळनाशक पडलं होतं. त्यात तांबं होतं. गोगलगायी आणि कोळंब्या दोन दिवसांत संपल्या. तांबं दगडांत मुरतं, सहजी निघत नाही. शिवाय शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. त्यात रात्री वीज गेली तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. आपला जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यासाठी आहे, हे लक्षात ठेवून बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवाच.

यात महिने जातात. त्या ताईंना मी दिवाळीची नव्हे, होळीपर्यंतची मुदत मागितली आहे. त्यांनी अजून सही केलेली नाही.

टीडीएस मीटर माझ्याकडे आहे. संध्याकाळी सातनंतर बेल वाजवा, वापरा, आणि कृपया परत आणून द्या.